कादवेकाठचा उलटा हंगाम

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकहून दिंडोरीकडे निघावं. पारा ३८-३९ अंशांवर, ओढे कोरडे, रस्त्याकडेच्या बाभळीसुद्धा मलूल. अशा उन्हात जिकडेतिकडे माणसं कात्र्या घेऊन द्राक्षबागांत उतरलेली दिसतात. वेली धडधाकट, पानं हिरवी, तरी काड्या सपासप कापून बांधावर फेकल्या जातात. संध्याकाळी बागेत उरतं काय, तर खोड, तारेवर आडवे पसरलेले दोन हात आणि त्या हातांवर जेमतेम एका डोळ्याचे बोटाएवढे खुंट. नवखा माणूस हमखास विचारतो, "बाग मोडताय का?" बागाईतदाराला हसू येतं. बाग मोडायची नसते, तिचं वर्ष सुरू करून द्यायचं असतं.

त्या आडव्या हातांना इथे ओलांडे म्हणतात आणि या कापाकापीला खरड छाटणी. कादवा नदीच्या खोऱ्यात वाइन कशी होते हे सांगायला पिंपापासून किंवा बाटलीपासून सुरुवात करता येत नाही. ती या कात्रीपासूनच करावी लागते.

द्राक्षवेल मूळची थंड मुलखाची. कॉकेशसच्या पायथ्याशी, आजच्या जॉर्जियात, सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाइनच्या खुणा सापडल्या आहेत. तिथून ती भूमध्य समुद्राभोवती पसरली आणि साधारण ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात रमली. त्या पट्ट्यात वर्षाची शिस्त निसर्गच लावतो. शरदात पानं गळतात, हिवाळाभर वेल झोपते, वसंतात सगळे डोळे जवळजवळ एकदम फुटतात, उन्हाळ्यात मणी भरतात आणि हवा गार होऊ लागली की पिकतात. तिकडचा शेतकरी वेल वर्षातून एकदाच छाटतो, तीही ती झोपेत असताना.

दिंडोरी विसाव्या अक्षांशावर आहे. वेलीला झोप लागावी अशी थंडी इथे पडत नाही. मोकळी सोडली तर ती बारा महिने हिरवी राहते आणि नुसती लांबत जाते. शेंड्याकडून खाली उतरणारं संप्रेरक मागच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंड्याच्या या दादागिरीत फांदीचा मधला भाग बोडका राहतो आणि फळ यायचं तर कुठेतरी, केव्हातरी, चार-दोन घड. निसर्ग जी शिस्त लावत नाही ती माणसाने लावायची, म्हणून इथे वर्षातून दोनदा छाटणी होते. पहिली एप्रिलची, काडी तयार करण्यासाठी. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरची, फळासाठी. तिला गोडी छाटणी म्हणतात. पीक मात्र एकच घेतात.

खरड छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत नवे फुटवे येतात, आणि पुढचे दोन महिने हे सगळ्या वर्षातले सर्वांत महत्त्वाचे आणि डोळ्यांना सर्वांत कमी दिसणारे दिवस. फुटव्याच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा धरतो. त्या डोळ्याच्या आत, छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसाच्या आसपास, एक निर्णय होतो: इथे पुढे घड यायचा की नुसती बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तणावा. द्राक्षात घड आणि बाळी ही एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. ऊन भरपूर असेल, पानांतलं अन्न डोळ्यापर्यंत पोचत असेल आणि वेल वाढीच्या नादात नसेल तर घड होतो. आभाळ भरून आलं, नत्र जास्त झालं, पाणी मोकळं सुटलं तर वेल शेंड्यामागे धावते आणि घडाची बाळी होते. शेतकरी याला 'घड जिरला' म्हणतात. मण्यांची ओळख पटण्याआधी चार-पाच महिने, भिंगाखालीच दिसेल एवढ्या आकारात हे सारं ठरून गेलेलं असतं. म्हणूनच गोडी छाटणीच्या आधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घ्यायची पद्धत आहे. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं की कात्री कुठे मारायची ते ठरतं.

एप्रिलच का, याचं उत्तर इथेच आहे. एप्रिलच्या पूर्वार्धात छाटलेल्या बागेला मे महिन्याचं लख्ख ऊन मिळतं आणि डोळ्यातला निर्णय मृगाचे ढग यायच्या आत होऊन जातो. हात आखडता घेत मेपर्यंत थांबलं की नेमक्या त्याच दिवसांत आभाळ झाकोळतं. ज्या उन्हाळ्याला आपण शिव्या घालतो तोच इथला घड घडवतो.

मग पावसाळा. चार महिने बाग फक्त पानं सांभाळते आणि काडी पिकवते. हिरवी काडी हळूहळू तपकिरी होते, तिच्यात पिष्ट साठतं. काडीचा रंग बघून बागाईतदार पुढच्या वर्षीच्या पैशाचा अंदाज बांधतो. या काळातला मोठा शत्रू डाऊनी, जुन्या माणसांच्या बोलण्यात केवडा. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग, खालून पांढरी बुरशी. तिच्यावरचा जुना इलाज बोर्डो मिश्रण: मोरचूद आणि चुना. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपासच्या बागांत १८८० च्या दशकात तो सापडला आणि गावाचं नाव औषधाला चिकटलं. गंमत अशी, की बोर्डोची प्रसिद्ध काबर्ने सोव्हिन्यॉ ही वेल दिंडोरीत येण्याच्या कितीतरी आधी इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी बोर्डो हा शब्द रुळला होता. त्याच्या लेखी बोर्डो म्हणजे वाइन नव्हेच. पाठीवरच्या पंपातलं निळं पाणी.

सप्टेंबरअखेर पाऊस मागे सरकू लागला की गोडी छाटणी. पक्व काडी घड असलेल्या डोळ्यापर्यंत आखूड करतात, उरलीसुरली पानं काढून टाकतात आणि वेलीला दुसऱ्यांदा जबरदस्तीने जागं करतात. इथे हिवाळ्याची उणीव खरी जाणवते. थंड देशात महिनोन्‌महिने गारठा सोसलेले डोळे एका तालात फुटतात. इथे ते मागेपुढे फुटले असते. मग एकाच बागेत एक घड फुलोऱ्यात आणि दुसरा पोंग्यात, म्हणजे नुकत्या फुटलेल्या डोळ्यात, फवारणी कुणाच्या हिशेबाने करायची? म्हणून छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. थंडीचं काम हे रसायन करतं. पण ते जपून हाताळावं लागतं: हातमोजे हवेत, आणि ते लावण्याआधी व लावल्यावर काही दिवस दारूचा थेंबही घ्यायचा नाही, कारण या रसायनामुळे शरीराला अल्कोहोलचा निचरा करता येत नाही आणि माणूस आजारी पडतो. वाइनच्या बागेत वर्षातले काही दिवस कडकडीत दारूबंदी असते ती अशी.

पेस्टनंतर पोंगा, मग पानं, दोडा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा घड, फुलोरा, मणी धरणं. छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार ते पाच महिने.

आता जरा मान वर करून खोरं बघू. कादवा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावते, दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतून वाहते आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याजवळ गोदावरीला मिळते. हीच ती पक्ष्यांची जागा, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेली. उत्तरेला सातमाळ्याची रांग, दक्षिणेला रामशेज आणि देहेरगडाचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीचा कणा. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर. बाटल्यांवर 'नाशिक व्हॅली' छापलेलं असतं आणि त्या नावाला भौगोलिक मानांकनही आहे, पण ते व्यापाराचं नाव. त्यात गोदावरी, दारणा, कादवा अशी सगळीच खोरी येतात. बाजार समितीत उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तर तो दिंडोरी पट्टा, निफाड पट्टा असंच सांगेल.

सह्याद्री इथे दोन कामं करतो. पहिलं पावसाचं. घाटमाथ्यावर इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला सरकावं तसा तो झपाट्याने आटतो, नाशिकजवळ ७००-८०० आणि निफाड-येवल्याकडे ५०० च्या आसपास. द्राक्षाला नेमकं हेच हवं: पाणी डोंगरात पडावं, धरणात साठावं आणि बागेवर पडू नये. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड ही धरणं कादवेवर आणि तिला मिळणाऱ्या लहान नद्यांवर आहेत. त्यांच्या पाण्याने आणि ठिबकने वेलीला किती प्यायला द्यायचं हे माणसाच्या हातात येतं, आणि वाइनच्या द्राक्षाला ते थोडंच द्यायचं असतं.

दुसरं काम रात्रीचं. पाऊस संपल्यावर आभाळ कोरडं आणि निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता झरझर सोडून देते आणि डोंगरउतारावरची गार, जड हवा घरंगळत सखल भागात येऊन बसते. जानेवारीत दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १० च्या आसपास, असा फरक इथे नेहमीचा. निफाड तर आणखी सखल. राज्यातला सर्वांत कमी पारा म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतो. तो ५ अंशांखाली गेला की मणी फुगायचे थांबतात, आणि माणसं पहाटे बागेत शेकोट्या पेटवून, ठिबक सोडून ऊब धरतात. पण त्याच्या वर राहिलेला गारवा हे खोऱ्याचं भांडवल आहे. मण्यातलं मॅलिक आम्ल वेल श्वसनात जाळत असते आणि रात्र जितकी उबदार तितकं ते लवकर जळतं. गार रात्र ते वाचवते. हे आम्ल गेलं तर वाइन बेचव, पाणचट लागते.

जमिनीचं थोडक्यात. सगळा पाया दख्खनच्या बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नदीकाठी त्याची झिजून झालेली खोल काळी माती: पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ऊस, गहू, कांदा यांना ती सोन्यासारखी. वाइनच्या वेलीला नको. मुळं ओलीत राहिली की वेल पानांतच रमते, सावली दाटते, बुरशी येते. म्हणून बापजाद्यांनी हलकी म्हणून सोडलेल्या उताराच्या जमिनी, जिथे हात-दीड हातावर मुरूम लागतो, त्या या पिकामुळे भाव खाऊन गेल्या. पाणी निचरून जातं, वेल जरा उपाशी राहते, मणी लहान राहतो. मणी लहान म्हणजे गराच्या मानाने साल जास्त. रंग, सुगंध आणि बराचसा तुरटपणा सालीत असतो.

द्राक्ष या मुलखात कधीपासून? दौलताबादेत वर्षातून दोनदा द्राक्षं आणि डाळिंबं येतात, असं इब्न बतूताने चौदाव्या शतकात नोंदवून ठेवलं आहे. दोनदा, हा शब्द महत्त्वाचा. उष्ण मुलखात वेल झोपत नाही हे त्या प्रवाशाच्याही ध्यानात आलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या आजच्या बागांचा धागा मात्र निफाड तालुक्यातल्या ओझरपर्यंत जातो. तिथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ साली द्राक्षं लावली. मग भोकरी, अनाबेशाही, चिमा साहेबी अशा बियांच्या जाती आल्या, आणि १९६० नंतर बिनबियांच्या थॉमसनने सगळं चित्र बदललं. १९९० च्या दशकात पाणी कमी आणि खारं होऊ लागलं तेव्हा वेल स्वतःच्या मुळांवर तगेना. मग टेक्सासच्या रानवेलींतून निघालेली डॉगरिज ही जात खुंट म्हणून आली. आधी खुंट लावायचा, पावसाळा ओसरताना त्यावर हव्या त्या जातीचं पाचर कलम बांधायचं. युरोपातल्या वेलीही अमेरिकी मुळांवरच उभ्या आहेत, पण तिथलं कारण वेगळं: १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या किडीने त्यांची मुळं खाल्ली. इथल्या शेतकऱ्याने तेच औषध क्षार आणि दुष्काळावर वापरलं.

म्हणजे वाइन या खोऱ्यात आली तेव्हा छाटणी, कलम, ठिबक, फवारणी हे सारं इथल्या हाताला ठाऊक होतं. राज्यात आधुनिक वाइनचा मोठा प्रयोग १९८० च्या दशकात नारायणगावजवळ शामराव चौगुले यांनी केला. त्यांची फसफसणारी वाइन 'ओमर खय्याम' नावाने परदेशात गेली. नाशिकला वळण दिलं ते राजीव सामंत यांनी. अमेरिकेतली नोकरी सोडून ते गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले आणि कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने १९९७ मध्ये सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या जाती लावल्या. त्यांच्या 'सुला' या कंपनीच्या पहिल्या बाटल्या २००० साली आल्या. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क काढला. मग जो तो वाइनची द्राक्षं लावू लागला. २००८ च्या अखेरीस मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि कितीतरी शेतकऱ्यांनी त्याच खुंटांवर परत खाण्याच्या द्राक्षाचं कलम बांधलं. वाइनच्या द्राक्षाची ही मोठी अडचण आहे: कारखान्याने नाकारलं तर ते रस्त्याकडेला पाटीत मांडून विकता येत नाही. मणी बारीक, बियांचा, सालीने जाड. पोरंसुद्धा तोंडात टाकून थुंकतील.

आता हंगाम उलटा का म्हटलं ते. युरोपात द्राक्ष पिकतं तेव्हा ऋतू थंडीकडे झुकत असतो. साखर सावकाश चढते, आम्ल टिकतं आणि धास्ती असते ती साखर पुरेशी चढेल की नाही याची. कादवेकाठी मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागतो, ते डिसेंबर-जानेवारीत, वर्षातल्या सर्वांत गार दिवसांत, आणि तिथून पुढचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा मोठा आणि गरम. तिकडची शर्यत थंडीशी, इकडची उन्हाशी. साखर इथे हमखास चढते. आम्ल हातातून निसटतं. त्यामुळे काढणीचा क्रमही उन्हाच्या हिशेबाने लागतो. फसफसणाऱ्या वाइनसाठीची द्राक्षं सर्वांत आधी, १८ ब्रिक्सच्या आसपास, अजून आंबट असतानाच. शॅम्पेनमध्ये मुरलेल्या शांदों या फ्रेंच कंपनीने भारतातल्या कारखान्यासाठी दिंडोरी निवडली, त्याचं एक कारण या गार जानेवारीत शोधता येईल. मग पांढऱ्या वाइनची, जानेवारी-फेब्रुवारीत. शिराझ, काबर्ने या काळ्या जाती सर्वांत शेवटी, कारण साखरेसोबत त्यांची साल आणि बीसुद्धा पिकावी लागते, नाहीतर तुरटपणा कच्चा राहतो. मार्चमध्ये बियांची वाट बघताना आम्ल उडतंय, हा पेच तांबड्या वाइनच्या वाट्याला येतो. पिण्यातला फार जाणकार असल्याचा दावा मी करणार नाही, पण या पट्ट्यातल्या पांढऱ्या वाइन तांबड्यांपेक्षा मला कायम जास्त सरळ आणि ताज्या वाटत आल्या आहेत, आणि कॅलेंडर समोर धरलं की ते पटतं.

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं मोजमाप. एका ब्रिक्समागे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त अल्कोहोल तयार होतं. २२ ब्रिक्सचं द्राक्ष म्हणजे साधारण १२ टक्क्यांची वाइन. तोड पहाटे उजाडताच सुरू करून ऊन चढायच्या आत आटोपतात, म्हणजे घड रात्रीचा गारवा घेऊनच कारखान्यात पोचतो. पांढऱ्यासाठी रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करतात. तांबड्यासाठी साल, बी, रस सगळं एकत्र आंबवतात. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. पांढरा रस १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबला तर सुगंध टिकतो, पण बाहेर फेब्रुवारीची दुपार ३२ अंशांची. म्हणून स्टीलच्या टाक्यांना दुहेरी भिंती, आणि त्या भिंतींमधून फिरतं थंडगार द्रावण. युरोपात आंबवायच्या दिवसांत दारं उघडी टाकली तरी हवा मदतीला येते. इथे सगळा गारवा विजेच्या बिलात मोजून विकत घ्यावा लागतो. आणखी एक फरक: उत्तर युरोपात थंड वर्षी रसात साखर घालायची रीत आहे, इथे टार्टारिक आम्ल घालतात. दोन्हीकडे माणूस ऋतूने कमी ठेवलेलं माप भरतो.

सगळं गणित सुरळीत असताना आभाळ मधेच उलथतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस परत गेलाच नाही. गोडी छाटणी झालेल्या बागा पोंग्यात आणि फुलोऱ्यात भिजत राहिल्या आणि डाऊनीने घड खाल्ले. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड-दिंडोरीवर गारा बरसल्या. छाटणी आठ दिवस पुढे की मागे, हा जुगार बागाईतदार दर वर्षी नव्याने खेळतो, आणि शेजाऱ्याने काय केलं हे बघितल्याशिवाय बहुतेकांचा हात कात्रीला लागत नाही.

फ्रान्स-स्पेनच्या बाटल्यांवर 'जुन्या वेली' असं कौतुकाने छापतात. साठ-ऐंशी वर्षांच्या वेली तिथे फळ देतात. कादवेकाठी तशी बाटली सापडणार नाही. पंधरा वर्षांच्या वेलीने इथे तीस छाटण्या सोसलेल्या असतात, झोप एकही घेतलेली नसते. खोड पोकळ पडायला लागतं, घड विरळ होतात. मग एका उन्हाळ्यात खोडं मुळासकट उपटतात, तारा गुंडाळून ठेवतात, जमीन नांगरून तापू देतात. पाऊस पडला की शेणखत भरून त्याच ओळींत डॉगरिजची नवी रोपं लागतात, आणि शेजारच्या बागेत तोवर काडी तपकिरी होत आलेली असते.